आमची डागडुजी

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण ज्या अनुभवी गृहस्थानें प्रथम उच्चारली, त्याचें घर नवें असलें पाहिजे. जुनें घर दुरुस्त करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता, तर लग्नाचा उल्लेख त्यानें खचित गाळला असता. नवें घर बांधणें कितीहि त्रासाचें असलें, तरी त्या त्रासाला शेवट असतो. वास्तुशांत होते, आप्तेष्ट जेवून जातात, आणि गवंड्याचा हिशेब मिटतो किंवा गवंड्याशीं बोलणें तरी मिटतें. जुन्या घराच्या दुरुस्तीला असा शेवट नाहीं. एक वांसा बदलावयास जावें, तों शेजारचे दोन किडलेले निघतात. ते काढावे, तों ज्या तुळईवर ते टेकलेले असतात तिचेंच आयुष्य संपत आल्याचें सुतार सांगतो. आम्ही या उद्योगांत सन १९८८ सालीं पडलों, आणि अद्याप त्यांतून उठलों नाहीं. एवढ्या काळांत घर किती सुधारलें हें सांगणें अवघड आहे. घरापेक्षां आमच्यांतच थोडी सुधारणा झाली असावी, असें आमच्या वहिनींचें मत आहे. त्या मताचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें घर कोंकणांत, दापोली तालुक्यांतील एका लहानशा गांवीं आहे. आमच्या आजोबांनीं तें सन १९२६ सालीं बांधलें. पुढें अंगण, मग पडवी, तिच्याहून एक पायरी उंच ओटी, ओटीमागें काळोखें माजघर, एका अंगास देवघर व बाळंतिणीची खोली, मागें स्वयंपाकघर, आणि अगदीं शेवटीं मागील पडवी व न्हाणी, अशी त्याची रचना. जोतें व भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. जांभा हा दगड मोठा विलक्षण आहे. खाणींतून काढतांना तो इतका मऊ असतो कीं, लांकडासारखा तासतां येतो. परंतु वारा लागला म्हणजे तो वर्षागणिक कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानें सन १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत मलबारांतील या दगडास, विटेचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. कारण तेथील लोक त्याचे विटांसारखे ठोकळे पाडून घरें बांधीत. मूळ ठिकाणीं मऊ आणि बाहेर निघाल्यावर कठीण, हें वर्णन दगडाप्रमाणें कोंकणांतून मुंबईस गेलेल्या कित्येक माणसांनाहि लागू पडतें. त्यांत आमची गणना करावी कीं नाहीं, हें वाचकांनीं शेवटीं ठरवावें.

आजोबांच्या काळीं घरांत ‘दुरुस्ती’ हा शब्द कोणी वापरीत नसे. ज्या मुलखांत चार महिन्यांत ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें घर राखणें हा राहण्याचाच एक भाग असतो. वैशाखांत छपरावर चढून एकूणएक कौल काढून झाडावें, फुटकें बदलावें, पुन्हां बसवावें. रोहिण्या लागण्यापूर्वीं पश्चिमेच्या भिंतीस झावळ्यांचीं झापें बांधावीं; कारण पाऊस तिकडूनच येतो आणि भिंतीवर आडवा मारा करतो. नवरात्रानंतर झापें काढून भिंतींस चुन्याचा हात द्यावा. जमीन चार दिवसांआड सारवावी. अंगण दिवाळीपूर्वीं चोपण्यानें चोपून घ्यावें. हीं कामें कोणी ठरवीत नसे, आणि कोणी त्यांबद्दल बोलतहि नसे. घर जसें दरवर्षीं थोडें खचे, तसें दरवर्षीं थोडें उभें राही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तें मुळींच बदलत नाहीं असें वाटे.

परंतु तें बदलत होतें. बासेल मिशन या संस्थेनें सन १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारीं तीं चपटीं तांबडीं कौलें हळूहळू पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून गलबतांनीं उतरूं लागलीं. आमच्या घरावर मात्र सन १९६१ पर्यंत गांवच्या कुंभाराचे नळे होते. माकडांनीं एक उडी मारली कीं वीस नळे फुटत. वडिलांनीं त्या वर्षीं नळे उतरवून मंगळुरी कौलें घातलीं. आजोबा तेव्हां हयात होते. ते महिनाभर अंगणांत उभे राहून छपराकडे पाहत, आणि घर परक्याची पगडी घालून बसल्यासारखें दिसतें, असें म्हणत. पुढें गळती थांबली, परंतु आजोबांचें मत बदललें नाहीं. हा प्रसंग आम्हीं लहानपणीं शंभर वेळां ऐकला आणि प्रत्येक वेळीं आजोबांना हंसलों. प्रत्येक पिढी घर सुधारते आणि मागची पिढी अंगणांत उभी राहून हळहळते, एवढाच बोध आम्हीं त्यांतून घेतला. वडिलांनीं कौलें बदलण्यापूर्वीं दोन पावसाळे स्वतः त्या गळत्या छपराखालीं भांडीं मांडून रात्री काढल्या होत्या, ही गोष्ट त्या वेळीं आमच्या ध्यानांत आली नाहीं.

वडील सन १९८३ सालीं वारले. घराची व शेतीची सारी व्यवस्था दादांकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंकडे, आली. आम्ही मुंबईस एका कचेरींत नोकरीस होतों. वर्षांतून दोनदां, मेच्या सुटींत आणि गणपतीस, घरीं जाणें होई. परगांवीं राहणाऱ्या माणसाचें गांवच्या घरावरील प्रेम मोठें प्रखर असतें, आणि त्याचें कारणहि उघड आहे: तें घर गळतांना त्याला पाहावें लागत नाहीं. सन १९८८ च्या मेमध्यें आमच्या हातांत पगाराची बरीचशी थकबाकी आली. ती सारी ओटीच्या भिंतींवर खर्च करावयाचें आम्हीं ठरविलें.

त्या भिंतींचा गिलावा आजोबांच्या वेळचा होता. शिंपल्यांचा चुना भाजून, वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळून, त्यांत गुळाचें पाणी घालून तो केलेला. साठ वर्षांनंतर तो ठिकठिकाणीं सुटला होता आणि त्याचा रंग जुन्या कागदासारखा झाला होता. आम्हांस तेथें गुळगुळीत सिमेंट आणि त्यावर फिकट हिरवा तैलरंग हवा होता. गांवचा म्हातारा गवंडी भिंतीवर हात फिरवून म्हणाला, “भाऊ, भिंतीला घाम येणारच. तो जायला वाट ठेवा.” आम्हीं त्याला सिमेंटचे गुण समजावून दिले. तो शांतपणें ऐकत होता. मजुरी रोजावर असल्यामुळें ऐकण्यांत त्याचें कांहींच नुकसान नव्हतें. दहा दिवसांत ओटी तालुक्याच्या एखाद्या नव्या कचेरीसारखी दिसूं लागली. येणारेजाणारे थांबून पाहत. दादा म्हणाले, “झकास झालें.” त्या शब्दांत किती कौतुक होतें आणि किती सोशिकपणा होता, याचा शोध आम्हीं तेव्हां घेतला नाहीं.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षीं भिंतीवर हातभर उंचीपर्यंत फोड आले; चौथ्या वर्षीं ते कमरेपर्यंत चढले. तैलरंगाच्या पापुद्र्याखालून पांढरी भुकटी गळूं लागली. त्याला आमच्याकडे लोणा म्हणतात. त्याचें शास्त्र आम्हांस मागाहून कळलें, आणि तें फार सोपें आहे. चिरा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यांत तो जमिनींतील ओल वर शोषून घेतो. चुन्याचा गिलावाहि सच्छिद्र असल्यामुळें ती ओल त्यांतून हवेंत निघून जाते. सिमेंट आणि तैलरंग ही वाट बंद करतात. मग ओल भिंतीच्या आंतच वर वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागें साचून त्यांचे खडे होतात, आणि ते खडेच गिलाव्यास आंतून ढकलून पाडतात. गवंड्यानें हेंच सारें दोन वाक्यांत सांगितलें होतें. सन १९९३ सालीं दादांचें पत्र आलें: “ओटीची भिंत खरवडून पुन्हां चुन्याची केली. खर्च भागला. काळजी नसावी.” त्या पत्रांत याहून अधिक एक अक्षर नव्हतें. असें पत्र लिहिणाऱ्या भावाशीं भांडतांहि येत नाहीं.

या अनुभवानें शहाणपण आलें असतें, तर पुढील प्रकार घडता ना. माजघराची जमीन शेणाची होती. आई ती वाकून सारवीत असे. तिचें वय साठीच्या घरांत आलें होतें, वहिनी मदतीस असत, तरी देवघरापुढील जागा ती दुसऱ्या कोणास करूं देत नसे. आईचे कष्ट वांचवावे ही आमची इच्छा खरी होती, हें आम्ही आजहि शपथेवर सांगूं. परंतु त्या इच्छेला आणखी एक इच्छा चिकटलेली होती. मुंबईचे आमचे स्नेही कधीं घरीं येत, तेव्हां शेणाची जमीन पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जें सौजन्य उमटे, तें आम्हांस टोंचत असे. सन १९९७ सालीं आम्हीं मुंबईहून चकचकीत पांढऱ्या फरश्या पाठविल्या. त्यांच्या कडांस फिकट गुलाबी वेलबुट्टी होती. फरशी बसवून झाल्यावर आईनें तिच्यावर पहिलें पाऊल टाकलें, तें निऱ्या किंचित् उचलून, पाण्यांत पाऊल टाकावें तसें. तें पाहून आम्ही सारे हंसलों. तीहि हंसली आणि म्हणाली, “चेहरा दिसतो रे हिच्यांत.”

कोंकणांतील पावसाळ्यांत हवाच ओली असते. शेणाची जमीन ती ओल पिऊन टाकते. पांढऱ्या फरशीवर ती दंवासारखी उभी राहते. सन २००४ च्या आषाढांत एका पहांटे आई देवापुढें दिवा लावावयास उठली, आणि माजघरांतच घसरून पडली. खुब्याचें हाड मोडलें. पावसांत तिला खुर्चींत बसवून रस्त्यापर्यंत नेलें, तेथून गाडीनें शहरांत. हाडांत पोलादी सळई घातली, आणि तीन महिन्यांनीं ती काठी घेऊन चालूं लागली. पण पुढें आयुष्यभर तिला खालीं बसतां आलें नाहीं. जी बाई साठ वर्षें जमिनीवर बसून जेवली, बसून दळलें, बसून देवपूजा केली, तिला देवापुढें खुर्ची ठेवावी लागली. तिनें फरशीस दोष दिला नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं. “पाय माझाच घसरला,” एवढेंच ती म्हणे. कोणी समाचारास आलें म्हणजे ती फरशीची तारीफसुद्धां करी. धाकट्यानें हौसेनें घातली, असें सांगे. ती एकदां जरी आमच्यावर रागावली असती, तरी आम्हांस बरें वाटलें असतें.

दिवाळींत आम्ही फरशी उखडावयास गेलों. वेलबुट्टीचे तुकडे घमेल्यांतून अंगणांत जात होते, आणि आई पडवींत खुर्चीवर बसून पाहत होती. तेथें आतां काय घालावें, असें आम्हीं तिला विचारलें. घराविषयीं तिला विचारलेला तो आमचा पहिलाच प्रश्न असावा. ती म्हणाली, “सारवलेली जमीन बरी होती. पण आतां सारवणार कोण, नि शेण आणणार कोठून?” तेव्हां आम्हांस आठवलें कीं, गोठा दोन वर्षांपूर्वींच रिकामा झाला होता. गुरें राखणारा मुलगा मुंबईस गेला होता. गवत कापून आणणारीं माणसें गेलीं होतीं. गाय एकट्या दादांच्यानें निभेना, म्हणून ती विकली होती. आम्हीं फरशी घातली नसती, तरी ती जमीन फार दिवस टिकती ना. जमिनीच्या मागें गाय होती, गायीच्या मागें गवत, गवतामागें माणसें. आणि तीं माणसें ज्या गाडीनें मुंबईस गेलीं, त्याच गाडीनें आम्हीहि गेलों होतों. घरांतील जें जें जुनें नाहींसें झालें, त्याचा हिशेब मांडूं लागलें, तर शेवटीं कोणाचे तरी हात कमी झालेले आढळतात. माजघरांत लाल कोबा घातला. तो खरबरीत आहे, दिसावयास साधा आहे, आणि त्यावर कोणी घसरलें नाहीं.

आई सन २०१२ सालीं गेली. त्यानंतर आमच्या मनानें एकदम दुसरी दिशा धरली. इतकीं वर्षें आम्हीं घर नवें करण्याचा हट्ट धरला होता. आतां तें जुनें ठेवण्याचा धरला. तुळयांवरील काजळी घांसून त्यांस तेलपाणी केलें. माळ्यावरचीं पितळी भांडीं उतरवून ओटीवर कांचेच्या कपाटांत मांडलीं. ज्या जात्यावर आईनें संसारभर दळलें, तें अंगणांत नेऊन त्यांत फुलझाड लावलें. जुन्या समईंत विजेचा दिवा बसविला. पाळण्याच्या कडीला, जिच्याखालीं आमच्या तीन पिढ्या रडल्या, एक शोभेची कुंडी टांगली. मुंबईचे तेच स्नेही आतां घर पाहून खरोखरीच हरखून जात. शेणाच्या जमिनीकडे पाहून ज्यांनीं पूर्वीं सौजन्य दाखविलें होतें, ते आतां ती जमीन राहिली नाहीं म्हणून हळहळ व्यक्त करीत. आम्हीहि त्यांच्याबरोबर हळहळत असूं.

सन २०१४ सालीं वहिनींनीं तीन गोष्टी मागितल्या. मागील पडवीस लागून शौचकूप. स्वयंपाकघरांत उभ्यानें काम करतां येईल असा ओटा व नळ. आणि त्याच घराच्या पूर्वेच्या भिंतीस एक खिडकी. स्वयंपाकघराला उजेड येण्यास मागील दाराखेरीज वाट नव्हती, आणि तें दार पावसाळ्यांत लोटून घ्यावें लागे. आमचें उत्तर तयार होतें. दीड हात जाडीची, नव्वद वर्षांची ती भिंत फोडणें म्हणजे घराच्या मूळ स्वरूपास धक्का लावणें होय. आणि चुलीशेजारीं ओटा बांधला, तर त्या घराची सारी शोभा जाईल, असें आम्हीं बऱ्याच विस्तारानें सांगितलें. वहिनींनीं सारें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “भाऊजी, हें मूळ स्वरूप तुम्ही वर्षांतून बारा दिवस पाहतां. आम्ही त्यांत राहतों.”

हें वाक्य आमच्या वर्मीं लागलें, असें लिहिणें सोयीचें झालें असतें. पण तें खरें नव्हे. त्या वेळीं आम्हांस केवळ वाईट वाटलें, आणि तेंहि स्वतःबद्दल. घरासाठीं आम्ही एवढा खर्च करतों त्याची कोणास किंमत नाहीं, असें. शौचकूप झाला, कारण तो दादांनीं भाताच्या पैशांतून आमच्या संमतीची वाट न पाहतां बांधला. ओटा आणि खिडकी राहून गेलीं. शेतीचें उत्पन्न बेताचें; घराचा मोठा खर्च आमच्याकडून येई. पैसा आमचा होता, म्हणून शब्दहि आमचा राहिला. घर तिघां भावंडांच्या नांवें आहे, आणि कागदावर सर्वांचा हक्क सारखा आहे. पण ज्याच्या हातीं पैसा असतो त्याची आवड ही घराची आवड ठरते, आणि ज्याच्या हातीं केरसुणी असते त्याला ती झाडावी लागते.

यानंतर जें घडलें, त्याचें श्रेय आमच्याकडे नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होता. रायगड जिल्ह्यांतील किनारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली व मंडणगड हे तालुके त्याच्या तडाख्यांत सांपडले. नारळीपोफळींच्या बागा दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. आम्ही मुंबईस होतों. महामारीमुळें जिल्ह्याबाहेर जाण्यास परवाना लागे. विजेच्या व दूरध्वनीच्या तारा तुटल्यामुळें सहा दिवस घरची कांहींच वार्ता नव्हती. सातव्या दिवशीं दादांनीं कोठल्याशा टेंकडीवर जाऊन दूरध्वनि केला. “आम्ही दोघें सुखरूप आहोंत,” ते म्हणाले. आणि मग, जणूं कांहीं बाजारभाव सांगावे तशा स्वरांत, माजघर व स्वयंपाकघर यांवरील कौलें गेलीं, मागचा फणस पडला, आणि त्यानें स्वयंपाकघराची पूर्वेची भिंत वरपासून कमरेपर्यंत पाडली, असें सांगितलें. सत्तरी ओलांडलेला हा मनुष्य वादळ चालू असतां बायकोस घेऊन बाळंतिणीच्या खोलींत बसला होता. ज्या खोलींत त्याचा जन्म झाला, तिचें छप्पर तेवढें टिकलें होतें.

पाऊस तोंडावर आलेला. सारा तालुका कौलें शोधीत होता, तेव्हां तीं मिळणार कोठून? दादांनीं गांवच्या चार पोरांच्या मदतीनें माजघरावर आणि स्वयंपाकघरावर निळे पत्रे टाकले. आम्हांस विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर आम्हीं काय सांगितलें असतें याची कल्पना येऊन आजहि आमची मान खालीं जाते.

दिवाळीस आम्ही घरीं पोंचलों. अंगणांतून घर पाहिलें, तों अर्धें तांबडें आणि अर्धें निळें. आजोबा ज्या जागीं उभे राहून परक्या पगडीबद्दल कुरकुर करीत, नेमक्या त्याच जागीं आम्ही उभे होतों. तोंडावर आलेले शब्द तसेच गिळून आम्ही मागल्या दारीं गेलों. पडलेल्या भिंतीच्या भगदाडावर ताडपत्री बांधलेली होती. तिचें एक टोंक वर खोंचून वहिनी पाटावर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. पूर्वेचें ऊन त्या भगदाडांतून थेट आंत आलें होतें. सुपांत, त्यांच्या हातांवर, मागच्या काळ्या भिंतीवर. ती भिंत इतकी काळी आहे, हें आम्हीं त्यापूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. आमची चाहूल लागतांच वहिनी म्हणाल्या, “खडे दिसतात हो आतां. चाळीस वर्षें मीं तांदूळ अंदाजानें निवडले.”

दादा मागून आले. “गवंडी उद्यां येतो म्हणाला आहे. भिंत पूर्ववत् करायची ना?” त्यांनीं विचारलें. त्यांच्या विचारण्यांत टोमणा नव्हता. इतक्या वर्षांची ती संवय होती. ‘होय’ हा शब्द आमच्या जिभेवरहि संवयीनेंच आला होता. आम्हीं तो तेथेंच थांबविला, आणि म्हटलें, “वहिनींना विचारा.” मग आमचें आम्हांसच तें अपुरें वाटलें; म्हणून आम्ही वहिनींकडे वळून म्हणालों, “वहिनी, येथें तुम्हांला काय हवें?”

वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं सूप खालीं ठेवलें, पदरानें हात पुसले, आणि भगदाडापाशीं येऊन उभ्या राहिल्या. मग तळहात आडवा धरून खिडकी कोठपासून हवी तें दाखविलें. ती उंची त्यांनीं सहा वर्षें मनांत मोजून ठेवली असली पाहिजे, कारण हात जराहि खालींवर झाला नाहीं.

भिंतीच्या दुरुस्तीस नवे चिरे आणावे लागले नाहींत. सन १९२६ चे जे चिरे फणसानें पाडले, त्यांतले फारच थोडे फुटले होते. बाकीचे गवंड्यानें धुऊन पुन्हां लावले, आणि चुन्याचाच गिलावा केला. नवा गवंडी हा त्या म्हाताऱ्या गवंड्याचा नातू. त्याला आम्हीं कांहींच समजावून दिलें नाहीं. फणसाचें लांकूड पिवळेंधमक आणि टिकाऊ. सुतारानें त्याच झाडाच्या फळ्या काढून, त्या सुकूं देऊन, पुढल्या उन्हाळ्यांत खिडकीची चौकट केली. ओटाहि झाला. तो साधा शहाबादी फरशीचा आहे. चूल कोपऱ्यांत तशीच आहे. वहिनी तिच्यावर अंघोळीचें पाणी आणि कधींमधीं भाकरी करतात, परंतु ती त्यांची खुषी.

खिडकीच्या कट्ट्यावर ठेवण्यासाठीं आम्हीं मुंबईहून एक नाजुक पितळी दीप नेला होता. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों तो कपाटांत इतर पितळेबरोबर विराजमान झालेला, आणि कट्ट्यावर मिठाची बरणी, भांड्यांचा साबण व वहिनींचा चष्मा. आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. खरें सांगावयाचें, तर थोडें म्हणावेंसें वाटलें होतें. इतक्या वर्षांची संवय एका वादळानें जात नाहीं.

पत्रे अजून आहेत. पावसाळ्यांत रात्री त्यांवर असा गडगडाट होतो कीं, आम्हांस झोंप लागत नाहीं. कौलांचा विषय आम्हीं एकदां भीत भीत काढला; दादा “बघूं” म्हणाले, आणि शांतपणें कूस बदलून झोंपीं गेले. घर पुरें कधीं होणार, असें आमचे स्नेही विचारतात. पूर्वीं या प्रश्नाचें आमच्यापाशीं उत्तर असे, आणि तें सविस्तर असे. आतां आम्ही त्यांना यादीकडे बोट दाखवितों. येत्या मेमध्यें करावयाच्या कामांची यादी दिनदर्शिकेच्या एका पाठकोऱ्या पानावर वहिनींनीं स्वतःच्या हातानें लिहून स्वयंपाकघरांत खिडकीशेजारीं खिळ्यास लावली आहे. पश्चिमेच्या पडवीचे दोन वांसे, न्हाणीचा उतार, कोठीच्या दाराची बिजागरी. कोणतें काम कोणी करावयाचें हेंहि पुढें नांवानिशीं लिहिलेलें आहे. आमच्या नांवापुढें एकच कलम आहे: “कपाटांतलीं पितळी भांडीं घांसणें.” तीं एकूण ६३ आहेत.